मालकाची भाषा गुलामाने कशासाठी शिकावी?

आमच्या वस्तीतल्या एखाद्या मुलीने बारावीनंतर "मला स्पॅनिश शिकायची आहे" असे म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. त्याने नोकरी मिळते का? असे विचारणाऱ्या आई-बापांचे काही चुकत नाही. ज्यांच्या पिढ्यानपिढ्या दोन वेळच्या भाकरीच्या हिशेबात गेल्या, त्यांनी फीच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मागितला तर त्यात वावगे काय? परंतु हाच प्रश्न आमच्यातील शिकलेसवरलेले, साहेबाच्या खुर्चीवरून निवृत्त झालेले लोक विचारतात तेव्हा वाईट वाटते. दुसरा प्रश्न बाहेरून येतो आणि तो अधिक बोचरा असतो. "तुम्हाला काय करायची स्पॅनिश?" यातला 'तुम्हाला' हा शब्द नीट ऐकावा. महागड्या शाळेतल्या मुलांनी स्पॅनिश घेतली तर तो व्यक्तिमत्त्व विकास आणि आमच्या मुलीने घेतली तर ती चैन! हा न्याय कुठला?

कोणी कोणती भाषा शिकावी हे ठरविण्याचा अधिकार या देशात एका वर्गाने हजारो वर्षे स्वतःच्या हातात ठेवला. वेद कानावर पडला तर शूद्राच्या कानात वितळलेला धातू ओतावा, असे गौतम धर्मसूत्राने लिहून ठेवले. विसाव्या शतकात इंग्रजांच्या राज्यात कानात धातू ओतता येत नव्हता, म्हणून शाळेत संस्कृत नाकारण्यात आले. भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला संस्कृत शिकायचे होते. त्याला फारसी घ्यावी लागली. पण तो विद्यार्थी तेथे थांबला नाही. १९२१ साली जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून बाबासाहेबांनी अर्ज केला तो जर्मन भाषेत. पुढे बुद्धाचा शोध घेताना त्यांनी पालीचा व्यासंग केला, पाली शब्दकोश तयार केला. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांचा सोळावा खंड पाली व्याकरण आणि शब्दकोशाचा आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी उघडून पाहिले? राज्यघटना, पक्ष, वृत्तपत्र, कॉलेज, धम्म एवढा व्याप सांभाळणारा माणूस शब्दकोश करीत बसला. त्यात नोकरीचा हिशेब कुठे होता?

आमचे म्हणणे साधे आहे. ज्या समाजाविषयी नेहमी दुसऱ्यांनीच लिहिले, त्या समाजाच्या विद्यार्थ्याने दुसऱ्याची भाषा शिकणे ही चैन नव्हे. आपल्याविषयी काय लिहिले गेले ते मुळातून वाचता यावे, त्याला त्याच भाषेत उत्तर देता यावे आणि आपल्यासारखे भोगलेले लोक जगात आणखी कुठे आहेत ते मधला दलाल न घेता कळावे, यासाठी भाषा शिकायची असते. स्पॅनिशच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. कारण ही भाषा जगातील एका फार मोठ्या जनसमूहावर तलवार आणि क्रूस यांच्या बळावर लादली गेली आणि त्याच जनसमूहातील विद्यार्थ्यांनी पुढे ती हत्यारासारखी वापरली.

स्पॅनिश आज सुमारे वीस देशांची राजभाषा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी ती एक आहे. आम्ही विद्यार्थीदशेत ती शिकलो तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की मराठी माणसाला ही भाषा इंग्रजीपेक्षा जवळची वाटते. बहुतेक शब्द लिहिले तसे वाचता येतात. त आणि द आपल्यासारखेच दातांवर जीभ टेकवून उच्चारतात. 'चांगला-चांगली' याप्रमाणे विशेषण लिंगानुसार बदलते. क्रियापदावरूनच कर्ता कळतो, 'मी' म्हणावे लागत नाही. आणि इंग्रजीत नसलेली, पण आम्हाला लहानपणापासून ठाऊक असलेली एक गोष्ट तिथे आहे. 'तू' आणि 'उस्तेद', म्हणजे तू आणि आपण. कोण कोणाला तू म्हणतो आणि कोणाला आपण म्हणावे लागते, यावरून त्या समाजाची उतरंड कळते. हा धडा शिकायला आमच्या मुलांना व्याकरणाचे पुस्तक लागत नाही. गावात साठीच्या बापाला पाटलाच्या पोराने अरे-तुरे केलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे व्याकरण आधीच पाठ असते.

आता एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या चळवळीत फारशी सांगितली जात नाही. मेक्सिकोच्या दक्षिणेला वाहाका नावाचा प्रांत आहे. त्याच्या डोंगरात ग्वेलाताओ या जेमतेम वीस घरांच्या खेड्यात २१ मार्च १८०६ रोजी बेनितो हुआरेझ यांचा जन्म झाला. जमात सापोतेक, म्हणजे तिथली मूळनिवासी. तीन वर्षांचा असताना आई-बाप गेले. चुलत्याने सांभाळले, मेंढ्या राखायला लावले. गावात शाळा नव्हती, स्पॅनिश कुणी बोलत नव्हते. चुलत्याला थोडीफार येत होती, ती तो सवड मिळेल तेव्हा शिकवी. पुढे हुआरेझ यांनी आपल्या मुलांसाठी आयुष्याची टिपणे लिहिली. त्यात ते सांगतात की, धडा आला नाही तर शिक्षा करता यावी म्हणून तो चाबूक ते स्वतःच चुलत्याच्या हाती नेऊन देत. मूलनिवासी आई-बाप पोरांना शहरातल्या श्रीमंतांच्या घरी घरगडी म्हणून ठेवत आणि त्या बदल्यात त्यांना लिहावाचायला शिकवा अशी विनवणी करत, हेही त्यांनी नोंदवले आहे. शिक्षणासाठी पोरगे वेठीला ठेवायचे! आपल्याकडच्या किती घरांत ही कथा वेगळ्या नावांनी सांगितली जाते?

१८१८ सालच्या डिसेंबरात बारा वर्षांचा बेनितो घरातून निघाला आणि डोंगर उतरून वाहाका शहरात पोहोचला. त्याची बहीण तिथे माझा नावाच्या कुटुंबात स्वयंपाकीण होती. पुढे आंतोनियो सालानुएवा नावाच्या पुस्तकबांधणी करणाऱ्या धार्मिक वृत्तीच्या माणसाने त्याला घरी ठेवून घेतले आणि शाळेत घातले. शहरात एक शाळा होती, तिचे नाव 'राजशाळा'. तिथे काय होते? 'सभ्य' घरच्या मुलांसाठी एक खोली, तिथे गुरुजी स्वतः मन लावून शिकवीत. बेनितोसारख्या गरीब मुलांसाठी दुसरी खोली, तिथे एक कडक आणि शिकवता न येणारा साहाय्यक. बेनितोने लिहिलेला कित्ता चुकला तेव्हा गुरुजींनी चूक कोणती ते सांगितले नाही, फक्त शिक्षा फर्मावली. या मुलाने काय करावे? त्याने ती शाळाच सोडली आणि जेवढे शिकला होता त्याचा सराव स्वतःच करीत राहिला.

साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसणारा भीमराव आणि वाहाकाच्या राजशाळेत दुसऱ्या खोलीत बसणारा बेनितो यांच्यात सुमारे ऐंशी वर्षांचे आणि दोन महासागरांचे अंतर आहे. दोघांचे भोगणे एकच होते असे आम्ही म्हणणार नाही. बेनितोच्या स्पर्शाने पाणी बाटत नव्हते. अस्पृश्यता ही या भूमीची खास देणगी आहे, तिला जगात जोड शोधून तिचा दाह कमी करू नये. परंतु ज्ञान एकच आणि खोल्या दोन, ही युक्ती मात्र दोन्हीकडे एकाच डोक्यातून निघाल्यासारखी दिसते.

पुढचा प्रवास थोडक्यात. गरीब मूलनिवासी मुलाला शिकायचे तर पाद्री होण्याची पाठशाळा हाच एक मार्ग होता. तिथे बेनितो लॅटिन शिकला; स्पॅनिशचे व्याकरण कुणी धड शिकवले नव्हते तरी लॅटिनचे शिकला. १८२७ साली वाहाकात विज्ञान आणि कला यांची एक नवी संस्था निघाली. धर्मगुरूंनी तिला पाखंडी ठरवून बदनाम केले. हुआरेझ पाठशाळा सोडून १८२८ मध्ये त्या संस्थेत गेले. १८३४ साली ते वकील झाले. ज्या घरात बहीण स्वयंपाक करायची त्याच घरातील मार्गारिता माझा यांच्याशी १८४३ मध्ये त्यांचे लग्न झाले. प्रांताचे गव्हर्नर झाले, हद्दपार झाले, परत आले. १८५५ साली न्यायमंत्री म्हणून त्यांनी जो कायदा केला तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पाद्री आणि लष्करी अधिकारी यांच्यासाठी असलेल्या स्वतंत्र न्यायालयांचे अधिकार त्याने कापले. मनूने जातीप्रमाणे शिक्षा वेगळी ठरवली होती. तिथे पोशाखाप्रमाणे कोर्ट वेगळे होते. ते मोडण्याचे काम मेंढ्या राखणाऱ्या सापोतेक मुलाने केले. १८५८ ते १८७२, मरेपर्यंत, ते मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष होते. बारा वर्षांचा होईपर्यंत ज्याला त्या देशाची राज्यभाषा धड बोलता येत नव्हती, त्याने त्या भाषेत कायदे लिहिले.

मूलनिवासी माणूस शिकला की मालकाला काय वाटते, याची साक्ष स्पॅनिश भाषेनेच जपून ठेवली आहे. अमेरिका खंडातील जो मूलनिवासी स्पॅनिश शिकून बोलू लागे, त्याला स्पॅनिश लोक 'लादिनो' म्हणत. हाच शब्द स्पॅनिशमध्ये चलाख, लबाड या अर्थानेही वापरला जातो. म्हणजे आपली भाषा शिकला तो लबाड! 'हा फार शहाणा झाला' हे वाक्य आपल्याकडे कोणत्या सुरात आणि कोणाला उद्देशून म्हटले जाते ते आठवून पाहावे. अशाच एका 'शहाण्या' माणसाने, पेरूच्या ग्वामान पोमा याने, १६१५ च्या सुमारास स्पेनच्या राजाला सुमारे १,२०० पानांचे निवेदन लिहिले. स्पॅनिशमध्ये लिहिले, मधे मधे आपली केचुआ भाषा ठेवली आणि सुमारे ४०० चित्रे काढली. पाद्री आणि अंमलदार आपल्या लोकांना कसे छळतात ते चित्रांतून दाखवले. ते हस्तलिखित लोकांसमोर यायला जवळपास तीनशे वर्षे लागली; १९०८ मध्ये ते डेन्मार्कच्या कोपनहेगनमधील ग्रंथालयात सापडले. पीडिताने लिहिलेला अर्ज तीनशे वर्षे धूळ खात पडतो, पण लिहिलेला असतो म्हणूनच एक दिवस सापडतो.

फिलिपाइन्समध्ये तर भाषेसाठी उघड झगडा झाला. स्पॅनिश साम्राज्याची तिथे तीनशेहून अधिक वर्षे सत्ता होती. असे असूनही बहुसंख्य जनतेला स्पॅनिश येत नव्हती. १८६३ साली राजाज्ञा निघाली की शाळांतून स्पॅनिश शिकवावी. तिला अडवले ते तिथल्या ख्रिस्ती मठांच्या साधूंनी. कारण उघड होते. लोकांना राज्यभाषा आली तर ते कायदे वाचतील, थेट राजाकडे तक्रार करतील, मग मधल्या साधूचे महत्त्व काय राहील? होसे रिसाल या फिलिपिनो लेखकाने आपल्या १८९१ च्या कादंबरीत हाच प्रसंग घेतला आहे. विद्यार्थी स्पॅनिश शिकण्यासाठी एक अकादमी मागतात आणि साधू ती मागणी कशी गिळून टाकतात हे त्यात दाखवले आहे. स्पॅनिश शिकल्याने आपलीच भाषा मरेल, असा आक्षेप घेणारे पात्रही त्यात आहे, म्हणजे रिसालने प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडल्या. त्याच्या पहिल्या, १८८७ सालच्या कादंबरीच्या लॅटिन नावाचा अर्थ आहे 'मला शिवू नकोस'. ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिला येथे स्पॅनिश सरकारने त्याला गोळ्या घातल्या. देवाच्या भाषेचे दलाल आणि राज्याच्या भाषेचे दलाल यांचे हितसंबंध एकच असतात, हे महात्मा फुल्यांनी आम्हाला शिकवले होते. रिसालकडे पाहिले की ते किती दूरवर खरे आहे हे कळते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. या भाषेने आमच्या विचारात काय भर घातली? एक शब्द पुरेसा आहे, 'कास्ता'. इंग्रजीतला 'कास्ट' हा शब्द पोर्तुगीज आणि स्पॅनिश 'कास्ता'पासून आला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोकांनी आपल्या जातींना हा शब्द लावला. त्याच काळात स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत आपली 'कास्ता' व्यवस्था उभारायला सुरुवात केली. त्यांनी मायदेशातून 'रक्ताची शुद्धता' ही कल्पना आणली होती. १४४९ साली तोलेदो शहरात ज्यू वंशातून ख्रिस्ती झालेल्यांना अधिकारपदांवरून दूर ठेवणारा ठराव झाला होता. धर्म बदलला तरी रक्त बाटलेलेच, असे म्हणणारे ते लोक! धर्मांतरानंतरही आम्हाला जुन्या जातीच्या नावाने ओळखणाऱ्यांना ही मंडळी आपल्याच गोत्रातली वाटतील.

अठराव्या शतकात मेक्सिकोत या जातींची चित्रे रंगवली गेली. बाप कोणत्या वंशाचा, आई कोणत्या वंशाची आणि होणाऱ्या मुलाला काय म्हणायचे, हे एकेका चौकटीत. बहुधा सोळा चौकटी. त्यांतल्या काही नावांचा अर्थ पाहा. एक नाव 'मागे उडी', एक 'हवेत लटकलेला', आणि एक चक्क 'तू मला कळत नाहीस'. संकरातून जाती कशा निपजल्या याची जी यादी मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे, तिचीच ही रंगीत आवृत्ती म्हणावी लागेल. फरक एक होता. १७९५ साली स्पॅनिश राजाने दरपत्रकच काढले. ठरलेली रक्कम भरा आणि हलक्या कास्ताचा कलंक पुसून टाकणारा दाखला घ्या. आमच्या व्यवस्थेत ती सोयही नव्हती. पैसा आला तरी जात जात नाही, यालाच तर ब्राह्मणी व्यवस्थेचे कौशल्य म्हणतात.

आणि त्याच स्पॅनिशमध्ये १८१३ सालचा एक दस्तऐवज आहे. मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते होसे मारिया मोरेलोस यांनी चिल्पान्सिंगो येथील सभेपुढे तो मांडला. ते स्वतः मिश्र वंशाचे होते. त्यांच्या मसुद्याच्या पंधराव्या कलमात गुलामगिरी कायमची बंद करावी आणि कास्तांचा भेदही बंद करावा असे लिहिले आहे. माणसामाणसांत फरक करायचा तो फक्त दुर्गुण आणि सद्गुण यांचा. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी आपल्या संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम स्वीकारले, त्याच्या १३५ वर्षे आधीची ही मागणी. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. १९७२ साली आमच्या तरुणांनी अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. इंग्रजी येत होती म्हणून उत्तर अमेरिकेचा हात आमच्या हाती लागला. रिओ ग्रांदे नदीच्या दक्षिणेला मात्र सबंध खंड पडला आहे आणि त्याच्याशी आमची ओळखही नाही. का? तर भाषा येत नाही म्हणून.

व्याकरणानेही आम्हाला विचार करायला लावले. मराठीत 'आहे' हे एकच क्रियापद आहे. स्पॅनिशमध्ये दोन आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. माणूस मुळात काय आहे ते सांगायला बहुधा पहिले; तो आज कोणत्या स्थितीत आहे ते सांगायला दुसरे. 'हा माणूस आहे' यात सेर, 'हा थकला आहे' यात एस्तार. आमच्या समाजाला आजवर जे जे म्हटले गेले, ते सगळे पहिल्या क्रियापदात म्हटले गेले. हे असेच असतात, जन्मतःच असे असतात! बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये जात ही मनाची एक अवस्था असल्याचे मांडले. अवस्था बदलता येते. दुसऱ्याने केलेली अवस्था आपण मोडू शकतो. परकी भाषा शिकणारा विद्यार्थी नुसते नवे शब्द पाठ करीत नाही. आपल्या भाषेत जी गोष्ट स्वयंसिद्ध वाटत होती तिच्याकडे तो बाहेर उभा राहून पाहू लागतो. बुद्धीची वाढ म्हणतात ती हीच.

परंतु एवढे सांगून थांबलो तर ती अर्धीच गोष्ट होईल. हुआरेझ यांच्या आयुष्याची दुसरी बाजूही आपल्या शिकलेल्या माणसांनी वाचली पाहिजे. गव्हर्नर असताना १८५० साली त्यांच्या सरकारने हुचितान या सापोतेकांच्याच गावावर सैन्य पाठवले. त्या कारवाईत गाव जळाले. ते ज्या उदारमतवादी पक्षाचे पुढारी होते त्या पक्षाने १८५६ साली सामूहिक मालकीच्या जमिनी विकायला लावणारा कायदा केला. उद्देश चर्चची मालमत्ता मोडण्याचा होता, पण मूलनिवासी गावांच्या सामाईक जमिनीही त्या तडाख्यात सापडल्या आणि पुढच्या दशकांत जमीनदारांनी त्या गिळल्या. कायद्यापुढे सर्व समान, हे तत्त्व हुआरेझ यांनी नव्या भाषेतून उचलले. पण असमानांना एका रांगेत उभे केले की बळकट माणूसच पुढे जातो, हे त्या कायद्याने पाहिले नाही. बाबासाहेबांनी राजकीय समतेपाशी न थांबता सामाजिक आणि आर्थिक विषमतेचा इशारा २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिला होता, तो याचसाठी. आणि १९५६ साली आग्र्याच्या सभेत त्यांनी शिकलेल्या लोकांविषयी जी खंत बोलून दाखवली, ती आमच्या प्रत्येक पदवीधराने भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. मालकाची भाषा शिकता शिकता मालकाचे डोळेही लागतात. हा धोका खरा आहे.

तो टाळता येतो, हे ग्वातेमालाच्या रिगोबेर्ता मेंचू यांनी दाखवले. त्या १९५९ साली माया लोकांच्या किचे समाजात जन्मल्या. मळ्यावर मजुरी, शहरात मोलकरणीचे काम, बाप, आई आणि भाऊ लष्करी राजवटीत मारले गेले. आपल्या लोकांची बाजू जगापुढे मांडता यावी म्हणून मोठेपणी स्पॅनिशचा आधार घेतल्याचे त्या सांगतात. १९८३ साली त्यांचे आत्मकथन स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध झाले आणि १९९२ साली त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. एका अमेरिकन अभ्यासकाने १९९९ मध्ये त्या कथनातील काही तपशिलांवर बोट ठेवले, त्यावरून मोठा वाद झाला. पुरस्कार परत घेतला गेला नाही. आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने अहवाल दिला. यादवीत दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. ओळख पटलेल्या बळींमध्ये ८३ टक्के माया होते. आमच्या दलित आत्मकथनांना 'अतिरंजित' म्हणणाऱ्यांनी हे आकडे वाचावेत. मेंचू यांनी स्पॅनिश घेतली, पण किचे समाज सोडला नाही. भाषा बदलली, बाजू बदलली नाही.

हे सर्व आज सांगण्याचे कारण आहे. परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची जी राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, तिच्या २०२२-२३ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक संशोधन हे विषय वगळण्यात आले. म्हणजे ज्यांना जातीचे चटके बसले त्यांनी सरकारी पैशाने परदेशात जाऊन जातीचा अभ्यास करू नये! पुन्हा तेच. काय शिकायचे ते आम्ही ठरवू. या नियमाविरुद्ध भांडलेच पाहिजे. पण त्याचबरोबर आमच्या एखाद्या मुलीने मेक्सिकोच्या अभिलेखागारात बसून 'कास्ता'चे दप्तर वाचावे, दरपत्रके तपासावीत आणि परत येऊन मराठीत पुस्तक लिहावे, हे स्वप्न पाहायला कोणाची परवानगी लागते? ते पुस्तक जातीविषयी कोणत्याही प्रबंधाइतकेच बोलेल.

सोय नाही असेही नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिशची पदवी घेता येते, हैदराबादच्या इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठातही ती शिकवली जाते. तिथे राखीव जागा आहेत. त्या भरण्यासाठी अर्ज करणारी मुले हवीत आणि त्यांना तिथवर पोहोचवणारे लोक हवेत. जयंतीला डीजेवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग काढून विहारात रविवारचा भाषावर्ग चालवता येणार नाही का? स्पॅनिशच पाहिजे असा आमचा हट्ट नाही. पाली असो, अरबी असो, पोर्तुगीज असो. ज्याला एक भाषा आली त्याने दहांना शिकवावी. ज्याला वाचता आले त्याने मराठीत आणावे. मोरेलोसचे ते कलम, हुआरेझची टिपणे, ग्वामान पोमाचे निवेदन हे सगळे मूळ स्पॅनिशमधून मराठीत आणायचे काम आमच्या हातांची वाट पाहते आहे. ते दुसऱ्या कुणी करून द्यावे म्हणून थांबलो, तर त्यात काय गाळले आणि काय ठेवले हे आम्हाला कधीच कळणार नाही.

मराठी सोडून काही शिका, असे आम्ही म्हणत नाही. मेक्सिकोने २००३ साली कायदा करून सापोतेकसह आपल्या सर्व मूलनिवासी भाषांना राष्ट्रीय भाषांचा दर्जा दिला, तो त्या भाषा बोलणाऱ्यांनी स्पॅनिशमध्ये भांडून मिळवलेला आहे. परकी भाषा शिकणारा आपली भाषा जपतो, ती कुणासाठी शिकायची हे मनाशी पक्के असले तर.

तेव्हा "स्पॅनिश शिकून काय मिळणार?" असे विचारणाऱ्या बापाला मुलीने सांगावे, नोकरी मिळाली तर मिळेल, पण आमच्यासारखे आणखी कोण कोण आहेत त्यांचा पत्ता नक्की मिळेल. आणि "तुम्हाला काय करायची?" असे विचारणाऱ्याला उत्तर देण्याच्या भानगडीत पडू नये. वर्गात जाऊन पहिल्या बाकावर बसावे. 'शिका' या बाबासाहेबांच्या आदेशात अमुक भाषा वगळून शिका असे कुठेही म्हटलेले नाही.

जयभीम!